वाट पाहणाऱ्यांचा शुक्रवार

बोईसर स्टेशनाबाहेर तारापूरकडे जाणाऱ्या शेअर रिक्षा उभ्या असतात. रिक्षा भरेपर्यंत ओरडा चालू असतो, ‘चित्रालय, चित्रालय!’ नवख्या माणसाला वाटावं, काय सिनेमाचं वेड आहे या गावाला! वस्तीचं नाव चित्रालय, थांब्याचं नाव चित्रालय, दुकानांच्या पत्त्यातही चित्रालय. रिक्षात बसलेल्यांच्या मात्र त्या नावाचा अर्थ ध्यानीमनीही नसतो. कुणी अणुऊर्जा केंद्राच्या कॉलनीत निघालेला असतो, कुणी एमआयडीसीत दुपारची पाळी गाठायला. दोघांच्या मधे एक मोबाइल, त्यावर अर्ध्यावर आलेला सिनेमा आणि इअरफोनची एक वायर याच्या कानात, दुसरी त्याच्या.

नवा सिनेमा थिएटरात लागेल त्याच दिवशी तो घरच्या पडद्यावरही मिळावा का, हा पुढच्या पानांचा विषय आहे. या विषयावर आजवर बरंच बोललं गेलंय, पण बोलणारे बहुतेक अंधेरी नाहीतर लोअर परळचे. तिथून पाहिलं की हा सगळा मामला थिएटर विरुद्ध सोफा असा दिसतो. एका बाजूला अंधार, मोठा पडदा, तीनशे माणसांचं एकत्र हसणं. दुसऱ्या बाजूला पायजमा, पॉज बटण आणि मधेच वाजणारी दारावरची बेल. पालघरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहिलं, तर त्यातलं निराळंच काहीतरी दिसायला लागतं. सिनेमा कुठे पाहायचा यापेक्षा तो पाहायला कुणी किती दिवस थांबायचं, हा इथला जुना प्रश्न आहे. आणि थांबायचं काम वर्षानुवर्षं याच गावांकडे होतं.

रिळांच्या काळात गावांची प्रतवारी असे. ए सेंटर, बी सेंटर, सी सेंटर. वितरकाच्या वहीतली ही अक्षरं प्रेक्षकाला माहीत नसत, पण तो ती भोगत असे. सिनेमाची प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच काढल्या जात. आधी मोठ्या शहरांचा मान, मग जिल्ह्याचं गाव, मग तालुका, आणि सगळ्यांत शेवटी जत्रेतला तंबू. पत्र्याच्या पेटीतून रिळं गाडीने किंवा एसटीच्या टपावरून यायची. पेटी आली तर खेळ, नाही आली तर मागच्याच सिनेमाची मुदत वाढली. येईपर्यंत त्या प्रिंटने इतकी गावं पाहिलेली असत की पडद्यावर कायम पाऊस पडतोय असं वाटे, आणि नेमकं गाणं ऐन रंगात आलं की रीळ तुटे. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. त्यातले ट्रक, गंजलेली यंत्रं आणि तंबूबाहेर ताटकळणारी माणसं पाहिली, की एका शुक्रवारचा सिनेमा आपल्याकडे पोचायला किती शुक्रवार लागत ते कळतं.

ही प्रतवारी मोडली ती उपग्रहाने. २००५ पासून मुंबईच्या यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी डिश अँटेना आणि सर्व्हरच्या जोरावर सिनेमा थेट थिएटरात उतरवायला सुरुवात केली. पेटी गेली, तिच्या जागी ‘की’ आली. सिनेमाची फाइल आधीच येऊन पडलेली असते, पण कुलूपबंद. अमुक पडद्यावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ती उघडेल असा सांकेतिक आकडा वितरकाकडून येतो, आणि तो येईपर्यंत कितीही रांग लागली तरी खेळ सुरू होत नाही. गुरुवारी रात्री प्रोजेक्शनच्या खोलीत त्या ‘की’ची वाट पाहणाऱ्या माणसाचा जीव पूर्वीच्या पेटीवाल्याइतकाच टांगणीला लागलेला असतो. पण प्रेक्षकाच्या हिशेबी मोठी गोष्ट घडली. नरिमन पॉइंटचा आणि तालुक्याच्या गावाचा शुक्रवार एक झाला. ‘एकाच दिवशी’ या कल्पनेचा पहिला विजय हा. तो घर आणि थिएटर यांच्यातला नव्हता, शहर आणि गाव यांच्यातला होता. त्याच्यावर अग्रलेख कुणी लिहिले नाहीत.

आता घराकडे वळायचं तर एक गोष्ट कबूल करायला हवी. नवा सिनेमा थिएटरात आणि घरात एकदमच, ही योजना छोट्या गावांत नव्वदच्या दशकातच अमलात आली होती. ती केबलवाल्याने आणली, आणि निर्मात्याला न विचारता. शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी रात्री त्याच्या चॅनलवर दिसे. कॅमेरा थिएटरातच कुठेतरी मांडीवर धरलेला, त्यामुळे नायकाच्या छातीवरून अधूनमधून समोसा घेऊन जाणाऱ्या माणसाची सावली सरके. त्याच्याही आधी, रंगीत टीव्ही आल्यावर, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीपुरत्या भाड्याने आणायची चाल होती. चाळीतल्या पंचवीस जणांनी वर्गणी काढायची आणि पहाटे पाचपर्यंत डोळे ताणायचे. व्हिडिओच्या चोरीला आवर घालायला १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. चोरी थांबली नाही, पण चोरालाही थोडं थांबावं लागू लागलं.

या साऱ्या घडामोडींत राजश्री प्रॉडक्शन्सची गोष्ट फार बोलकी आहे. ‘हम आपके हैं कौन..!’ ५ ऑगस्ट १९९४ ला आला तेव्हा राजश्रीच्या बडजात्यांनी त्याची व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊच दिली नाही. ज्याला पाहायचाय त्याने घरातून उठून यावं. लोक उठून आले, सहकुटुंब आले, आणि मुंबईच्या लिबर्टीत तो शंभरहून अधिक आठवडे चालला. त्याच राजश्रीने बारा वर्षांनी, १० नोव्हेंबर २००६ ला, ‘विवाह’ थिएटरात लावला आणि त्याच दिवशी आपल्या संकेतस्थळावर पैसे भरून पाहायलाही ठेवला. भारतात असं पहिल्यांदाच घडत होतं. रोख परदेशातल्या भारतीयांवर होता. इकडे तेव्हा सायबर कॅफेत एक फोटो उघडायला मिनिट लागे, त्यामुळे थिएटरवाल्यांनी त्याकडे फारसं लक्षही दिलं नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेत स्टीव्हन सोडरबर्गने ‘बबल’ हा छोटा सिनेमा थिएटरात आणि केबलवर एकाच दिवशी आणि चार दिवसांत डीव्हीडीवर आणला होता. तिथल्या मोठ्या थिएटर साखळ्यांनी तो लावायला सरळ नकार दिला.

भारतात खरी ठिणगी पडली ती जानेवारी २०१३ मध्ये. कमल हासनने ‘विश्वरूपम’ थिएटरच्या आदल्या रात्री डीटीएचवर दाखवायचं ठरवलं, एका घराला हजार रुपये दराने. हजार रुपयांत अख्खी आळी बसून पाहील, हा हिशेब थिएटरवाल्यांना तत्काळ कळला. विरोध झाला, बेत मागे पडला, आणि पुढे सिनेमा वेगळ्याच वादात अडकला. आज मागे वळून पाहताना कमल हासनचं चुकलं काय तर सात वर्षं. मार्च २०२० मध्ये थिएटरांना टाळं लागलं आणि त्याच्या डोक्यातली कल्पना सगळ्यांची निकड झाली.

१२ जून २०२० ला अमिताभ बच्चन आणि आयुष्मान खुराना यांचा ‘गुलाबो सिताबो’ थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. पीव्हीआर आणि आयनॉक्स तेव्हा अजून वेगवेगळ्या कंपन्या होत्या. दोघींनी जाहीर नाराजी नोंदवली. पण थेट घरी येणं वेगळं आणि एकाच दिवशी दोन्हीकडे येणं वेगळं. त्याची मोठी परीक्षा झाली ‘राधे’च्या वेळी. जानेवारी २०२१ मध्ये थिएटरमालकांच्या विनंतीला मान देऊन सलमान खानने ईदला थिएटरातच येण्याचा शब्द दिला होता. ईद आली तोवर दुसरी लाट आली होती आणि महाराष्ट्रातली थिएटरं पुन्हा बंद झाली होती. १३ मे २०२१ ला ‘राधे’ परदेशातल्या थिएटरांत आणि इथे झी५ वर २४९ रुपयांना एकदमच आला. पहिल्याच दिवशी गर्दीने सर्व्हर कोसळला. बाल्कनीचा कठडा मोडावा तसंच हे, फक्त पोलीस बोलवायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी ४२ लाख वेळा पाहिला गेल्याचं कंपनीने सांगितलं. आणि काही तासांतच तो फुकटही मिळू लागला.

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘एकाच दिवशी’च्या साऱ्या हिशेबाची खोच या फुकटात आहे. केबलवाल्याच्या काळातली चोरीची प्रत बघवत नसे. आवाज विहिरीतून येई, चित्र वाकडं. ज्याला सिनेमा खरंच आवडे तो नंतर तिकीट काढून जाई. पण सिनेमा पहिल्याच दिवशी ऑनलाइन आला, की चोरालाही निर्मात्याइतकीच लख्ख प्रत मिळते. ‘राधे’ व्हॉट्सॲपवर विकणाऱ्यांचे नंबर बंद करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. तरीही टेलिग्रामवरची लिंक ज्याच्या हाती लागली, त्याला २४९ रुपये भरण्याचं कारण उरलं नव्हतं.

अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने ३ डिसेंबर २०२० ला २०२१ सालचे आपले सतराच्या सतरा सिनेमे थिएटरात आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आणायची घोषणा केली. वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी सिनेमे करणारा ख्रिस्तोफर नोलन भडकला आणि पुढचा सिनेमा दुसऱ्या स्टुडिओकडे घेऊन गेला. ‘ब्लॅक विडो’ जुलै २०२१ मध्ये डिस्नेने दोन्हीकडे आणला तेव्हा स्कार्लेट जोहान्सनने कोर्ट गाठलं. तिचं मानधन थिएटरच्या गल्ल्याशी बांधलेलं होतं आणि घरबसल्या भरलेले पैसे त्या गल्ल्यात पडत नव्हते. दोन महिन्यांत तडजोड झाली. थिएटरं उघडल्यावर वॉर्नरनेही २०२२ मध्ये हा शिरस्ता सोडला. फ्रान्सचं तर सगळंच न्यारं. तिथे सिनेमा थिएटरात लागल्यापासून ऑनलाइन कधी यावा याचे नियमच आहेत. नेटफ्लिक्सला पूर्वी ३६ महिने थांबावं लागे. जानेवारी २०२२ मध्ये ते १५ महिन्यांवर आलं, तर तो मोठा दिलासा मानला गेला.

आपल्याकडे असा कायदा नाही, आहे तो करार: थिएटरात लागल्यापासून आठ आठवडे सिनेमा ऑनलाइन आणायचा नाही. आणि करार समजून घ्यायचा तर २००९ सालच्या भांडणाकडे जावं लागतं. त्या वर्षी एप्रिलपासून दोन महिने निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सला नवे हिंदी सिनेमे दिलेच नाहीत. शेवटी वाटणी ठरली ती अशी: पहिल्या आठवड्याच्या निव्वळ वसुलीतले ५० टक्के निर्माता-वितरकाकडे, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, आणि पुढे ३०. हे आकडे नीट पाहिले की आठ आठवड्यांच्या भांडणाचं मर्म उलगडतं. निर्मात्याचा जीव पहिल्या दहा दिवसांत. चौथ्या आठवड्यात त्याच्या हाती रुपयातले तीस पैसे, मग तेव्हाच ऑनलाइन विकून मोकळं व्हावंसं त्याला वाटणारच. थिएटरवाल्याचं बरोबर उलट. सिनेमा जितका रेंगाळेल तितका त्याचा वाटा मोठा, शिवाय समोसा आणि पॉपकॉर्न तर पहिल्या दिवसापासून त्याचेच. करोनाच्या काळात ही मुदत चार आठवड्यांवर आली होती. ऑगस्ट २०२२ पासून हिंदीसाठी मल्टिप्लेक्सनी ती पुन्हा आठ केली आणि मग सोडली नाही. विजयच्या ‘लिओ’ने तमिळ रिवाजाप्रमाणे चार आठवड्यांचा करार केला, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती देशातल्या मोठ्या साखळ्यांनी लावली नाही. हिंदीत डब झालेले दक्षिणेतले सिनेमे पाहणाऱ्या एमआयडीसीतल्या पोरांना त्याचं कारण कुणी सांगितलं नसेल. त्यांना एवढंच दिसलं, की सिनेमा लागला आणि मल्टिप्लेक्सच्या यादीत नाही.

आठ आठवड्यांचं हे भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं मे २०२५ मध्ये. राजकुमार राव आणि वामिका गब्बी यांचा ‘भूल चूक माफ’ ९ मे रोजी थिएटरात लागणार होता. आगाऊ तिकिटं विकली जात होती. आदल्या दिवशी, ८ मे रोजी, सीमेवरच्या तणावाचं आणि देशभरच्या सुरक्षा सरावांचं कारण देऊन निर्मात्यांनी तो थिएटरातून काढला आणि १६ मे रोजी थेट प्राइमवर येईल असं जाहीर केलं. पीव्हीआर आयनॉक्सने करारातलं आठ आठवड्यांचं कलम पुढे करत सुमारे ६० कोटींची भरपाई मागितली. न्यायालयाने ऑनलाइन प्रदर्शनाला स्थगिती दिली. मग दोन्ही पक्ष बसले आणि तोडगा निघाला. सिनेमा २३ मे रोजी थिएटरात, ६ जून रोजी प्राइमवर. दोन आठवडे! ज्या आठ आठवड्यांसाठी कोर्टाची पायरी चढली, ते तडजोडीत दोनवर आले. कलम आपल्या जागी शाबूत राहिलं आणि ते किती ताणता येतं हेही सगळ्यांना कळलं.

त्यानंतर महिन्याभरात आमिर खानने तिसरीच वाट धरली. ‘सितारे ज़मीन पर’ २० जून २०२५ ला थिएटरात आणला, एकाही ओटीटीला दिला नाही, आणि १ ऑगस्टला यूट्यूबवर १०० रुपयांना ठेवला. सहा आठवड्यांचं अंतर, वर्गणी नाही, ज्याला पाहायचा त्याने तिकीट काढावं. थिएटरवाल्यांनी फार ओरड केली नाही. शंभर रुपयांची ही खिडकी पुढे किती जण उघडतात, यावर बरंच काही ठरेल. कारण महिन्याची वर्गणी भरणारा आणि एका सिनेमाचे पैसे मोजणारा हे दोन निराळे प्रेक्षक आहेत, आणि बोईसरात दुसरा जास्त भेटतो.

आता या सगळ्याचा नकाशा पालघर जिल्ह्यावर ठेवून पाहावा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा, आणि त्यात सिनेमाची किमान तीन वेगवेगळी राज्यं नांदतात. दक्षिणेला वसई-विरार. मॉल, मल्टिप्लेक्स, दर तासाला शो. तिथल्याच नायगावात मालिकांचे सेट उभे असतात, म्हणजे पडद्यावरचं बरंच काही या जिल्ह्यातच शिजतं. मधल्या पट्ट्यात सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव. इथल्या माणसाला हवा तो सिनेमा हव्या त्या वेळी पाहायचा, तर बहुतेकदा गाडी पकडून विरार गाठावं लागतं. चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी शटल आणि मेमूवर भिस्त होती. लोकल आली तरी विरारच्या पुढे दोनच रुळांवरून लांबच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल जातात. चौपदरीकरणाचं काम चालू आहे. पण तोवर रात्री साडेनऊला सुटणारा शो म्हणजे नुसता सिनेमा नाही, टाइमटेबलशी केलेला जुगार आहे. इंटरव्हलला लोक पॉपकॉर्नपेक्षा मोबाइलवर गाडीची वेळ बघतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत नायक जगतो की मरतो हे न कळताच काही जण उठून जातात. तिकिटाच्या किमतीत हे कुणी धरत नाही.

आणि तिसरं राज्य म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगड. तिथे मल्टिप्लेक्स नाही आणि कित्येक पाड्यांवर नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. थिएटरात आणि घरात एकाच वेळी, या वाक्यातले दोन्ही शब्द तिथे पोचत नाहीत. ओटीटीमुळे सिनेमा खेड्यापाड्यांत पोचला असं सरसकट लिहिणाऱ्यांनी एकदा खोडाळ्याच्या घाटात मोबाइल हातात धरून पाहावा.

मराठी सिनेमाचं दुखणं याहून वेगळं. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीला मोक्याची वेळ द्यायला सांगितलं, मोक्याची वेळ म्हणजे काय यावर काथ्याकूट झाला, आणि तरीही शुक्रवारी लागलेला मराठी सिनेमा सोमवारी सकाळच्या एका शोवर येतो, हे चित्र फारसं बदललं नाही. विरारला सकाळी अकराला एक शो. पालघरच्या नोकरदाराने तो पाहायचा म्हणजे रजा टाकायची. अशा सिनेमासाठी आठ आठवड्यांची मुदत म्हणजे रिकाम्या दुकानाला कुलूप. मराठीने थेट घरी यायची हिंमत करोनाआधीच केली होती: अरुणा राजे यांचा ‘फायरब्रँड’ फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि माधुरी दीक्षितची निर्मिती असलेला ‘१५ ऑगस्ट’ पुढच्याच महिन्यात नेटफ्लिक्सवर आला. १९ मार्च २०२१ ला दशावताराच्या पार्श्वभूमीवरचा ‘पिकासो’ प्राइमवर आला, आणि तीन दिवसांनी राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख जाहीर झाला. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ व्हेनिसमध्ये पटकथेचं पारितोषिक घेऊन ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर. तो थिएटरात लागला असता तर बोईसरपर्यंत पोचला असता? शंकाच आहे.

पण याची दुसरी बाजूही मराठीनेच दाखवली. महाराष्ट्रात थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, तीही निम्म्या खुर्च्यांवर, आणि १९ नोव्हेंबरला आलेल्या हेमंत ढोमेच्या ‘झिम्मा’साठी बायका घोळक्याने बाहेर पडल्या. ३० जून २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’ला तर भिशीचे गट, महिला मंडळं, नऊवारी नेसून आलेल्या आज्या. त्या सिनेमात काय होतं यावर मतं असू शकतात. पण तो त्याच दिवशी घरी मिळाला असता, तर मटार सोलता सोलता, कुकरच्या शिट्या मोजत पाहून झाला असता, आणि सहा बहिणींची गोष्ट पाहायला सहा मैत्रिणींनी मिळून घराबाहेर पडायचं निमित्त गेलं असतं. त्या गर्दीला तारखेचं अंतर उपयोगी पडलं. ‘द डिसायपल’ला पडलं नसतं. एकच नियम दोघांना लावणारे दोघांपैकी एकाचं नुकसान करतात, आणि बहुधा लहानाचं. करोनानंतर ओटीटीवाले भाव ठरवताना थिएटरचा गल्ला विचारू लागलेत, त्यामुळे ज्याला शो मिळत नाही त्याला भावही मिळत नाही, असा हा दुहेरी पेच आहे.

पुढच्या पानांत हिशेब येतील, कलमं येतील, थिएटरमालकांचं रडगाणं येईल आणि त्यातलं खरं किती तेही येईल. ते वाचताना एमआयडीसीतली एक खोली नजरेसमोर असू द्यावी. दहा बाय बाराची, पत्र्याची, चौघांची. एक गोरखपूरकडचा, एक गंजामचा, दोघे जव्हारकडचे. वर्गणी चौघांत मिळून एक, पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. सायकली दामटत खोलीवर यायला साडेअकरा, हातपाय धुऊन डाळ गरम करेपर्यंत पावणेबारा. ओटीटीवर नवा सिनेमा उतरतो तो बहुतेकदा बाराच्या ठोक्याला, तारीख पालटली की. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असतो, चार्जर लावून. ताटं पुढ्यात घेऊन चौघं भिंतीला पाठ लावून बसतात, आणि ज्याची उद्या सकाळची पाळी आहे तो म्हणतो, मी फक्त इंटरव्हलपर्यंत.